धुतलेली कॅन

(दृश्य : तापीकाठचं गाव. दिवाळीची आवराआवर. माळ्यावरचं सामान ओट्यावर मांडलेलं.)

निवेदन :

एका घराच्या माळ्यावरून काय काय निघतं बघा. टोकाला काळवंडलेल्या दोन ट्यूबलाइट. तळाशी घट्ट झालेला ऑइलपेंटचा डबा. इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी, चहाच्या डब्यात जमवलेले सेल, मुदत संपलेल्या गोळ्यांची पिशवी. आणि कपाशीवर फवारलेल्या औषधाची पाच लिटरची रिकामी कॅन.

बाकी सगळ्यावर घरात एकमत आहे : टाका उकिरड्यावर. वाद आहे तो कॅनचा. सून म्हणते, फेकून देऊ. आबा म्हणतात, "धुई टाकी का चालस. वावरमा पानी न्यावाले व्हई."

धडधाकट वस्तू फेकायची खानदेशात सवय नाही, आणि ती लागूही नये. पण या कॅनपुरता आबांचा हिशोब चुकतो. औषधाचा थोडा अंश प्लॅस्टिकमध्ये मुरतो. धुण्यानं जातं ते वरवरचं. मुरलेलं मागाहून पाण्यात उतरत राहतं. कॅनवर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा असला म्हणून ती पाण्याची कॅन होत नाही.

(दृश्य : बांधावर फवारणीची तयारी. हातात मोजे. कॅन आणि पंप जवळून.)

कॅन धुवायची ती फवारणीच्या वेळीच. औषध पंपात ओतलं की कॅनमध्ये पाव भाग पाणी घ्या, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, आणि ते पाणी पंपातच ओता. असं तीन वेळा. पैसे मोजून आणलेलं औषध पिकावर जातं, विहिरीच्या कडेला सांडत नाही. मग बुडाला खिळ्यानं भोकं पाडा, म्हणजे कुणाला मोह होणार नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हे आहेच : रिकामे डबे पुन्हा वापरले जातील असे उघड्यावर सोडायचे नाहीत, फोडून, वस्तीपासून लांब पुरायचे. ज्या कृषी सेवा केंद्रातून औषध घेतलं ते डबे परत घेत असेल, तर पुरण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आता उकिरड्याचं. त्याचं खत उन्हाळ्यात वावरात पडतं. म्हणजे फुटलेली ट्यूब आणि गंजलेले सेल आपणच गाडी भरून कपाशीत, केळीत नेऊन पसरतो! काच पायाला लागेल ती लागेलच. ट्यूबमध्ये आणि सीएफएलमध्ये पारा असतो, काही मिलिग्रॅमच, पण ट्यूब फुटली की त्याची वाफ होते. घरात फुटली तर पोरांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडून पंधरा मिनिटं थांबा. झाडू मारू नका, त्यानं पारा खोलीभर पसरतो. पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीनं टिपा आणि झाकणाच्या बरणीत बंद करा.

(दृश्य : जळगाव. सकाळची घंटागाडी.)

शहरात गाडी दारात येते, म्हणून सगळं गाडीत. इन्सुलिनच्या सुया, ब्लेड, फुटकी काच, सगळं एकाच पिशवीत. ती पिशवी हातानं उपसणारा माणूस बहुतेक वेळा बिनमोज्यांचा असतो. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावायला काय लागतं?

हा कचरा वेगळा ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका यांच्या जोडीला तिसरा वर्ग केला, घरगुती घातक कचरा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत तो 'विशेष काळजीचा कचरा' म्हणून वेगळा मोजला जातो. २०१६ च्या नियमांनी पालिकेवरही एक काम टाकलं : दर वीस चौरस किलोमीटरला असा कचरा घेणारं एक केंद्र. आपल्या शहरात ते कुठे आहे, हे वॉर्ड कार्यालयात विचारा. बाबूला माहीत नसेल तर लेखी विचारा. जाळणं हा मार्ग नाही. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे.

(दृश्य : मोरी. कोपऱ्यात अर्धवट संपलेल्या बाटल्या.)

आवराआवरीतला सगळ्यांत मोठा धोका मात्र मोरीत असतो. उरलेलं संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतली की क्लोरीन वायू सुटतो. लहानशा बंद मोरीत तो जिवावर बेततो. या बाटल्या फेकण्यापेक्षा एकेक करून वापरून संपवा. डास मारायच्या स्प्रेचे डबे पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नये, असं त्या डब्यांवर छापलेलं असतं. वैशाखात भुसावळला सावलीतच पारा पंचेचाळीस ओलांडतो, मग पत्र्याखाली काय होत असेल?

इन्व्हर्टरची बॅटरी भंगारात देऊ नका. दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा करतो, आणि २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे जुनी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. भंगारवाला दोन पैसे जास्त देईलही. पण मग ती कुठल्या तरी नाल्याकाठी फुटते, ॲसिड मातीत जातं आणि शिसं उघड्या भट्टीत वितळतं. घड्याळातले बटणाएवढे सेल आधी उचला. लहान पोरानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठायचा.

खेड्यात असा कचरा घेणारं केंद्र सहसा दिसत नाही. तोवर झाकणाचा एक डबा, पोरांचा हात पोचणार नाही असा, आणि तालुक्याला जाताना सेल, ट्यूब सोबत. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या, आणि ठरावात नुसता 'कचरा' लिहू देऊ नका. ट्यूब, सेल, सुया, औषधाच्या कॅन अशी नावं घालून घ्या.