अडीचशेची पावती

ठाणे स्टेशन, संध्याकाळची गर्दी. पुलाच्या पायऱ्यांशी टीसींनी दोघांना बाजूला घेतलंय. एकाकडे तिकीटच नाही. दुसऱ्याकडे आहे, पण सेकंड क्लासचं, आणि तो उतरला फर्स्ट क्लासमधून. डब्यावरच्या तिरक्या पट्ट्यांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता.

भाड्याचा हिशेब दोघांचा वेगळा. वरचा जादा आकार मात्र एकच: 250 रुपये.

रेल्वे कायदा, 1989 मध्ये खरं तर दोन कलमं आहेत. 137 फसवणुकीचं. त्यात रेल्वेला बुडवण्याचा हेतू कोर्टात सिद्ध व्हावा लागतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. 138 मात्र हेतू विचारतच नाही. योग्य तिकीट दाखवता आलं नाही, की भाडं भरायचं आणि वर तेवढीच रक्कम किंवा 250, यांतलं जे जास्त असेल ते. मोबाइल बंद पडला आणि तिकीट त्यातच असलं, तरी हेच.

फलाटावर हेतू शोधत बसायला टीसीला वेळ कुठला? म्हणून बहुतेक प्रकरणं 138 खाली मिटतात, आणि ते सराईताच्या पथ्यावर पडतं. लोकलचं किमान भाडं पाच रुपये. पन्नासेक फेऱ्यांत एकदा सापडला, तर त्याचा हिशेब बरोबरीत सुटतो. त्याहून क्वचित सापडला तर तो फायद्यात. चुकलेल्या माणसाचे अडीचशे मात्र निव्वळ गेले. हातात तिकीट असलेल्याला पहिल्यांदा फक्त फरक भरून सोडावं आणि पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याला 137 लावावं, एवढा भेद करायला हवा.

लांब पल्ल्याच्या गाडीत चूक आणखी महाग पडते. गाडी रात्री 12.10 ची, तिकीट 15 तारखेचं. प्रवासी 15 च्या रात्री जेवून निघतो. गाडी त्याच दिवशी पहाटेआधीच गेलेली असते, आणि समोर उभी असते ती 16 ची. त्यात चढला, तर तो विनातिकीट. भाडं 400 असेल, तर आधीचे 400 बुडाले, वर नवं भाडं 400 आणि जादा आकार 400. रेल्वेचा यात एक पैसाही बुडालेला नसतो!

तिकीट काढायला वेळच उरला नाही, तर चढण्याआधी गार्डला गाठा. हल्ली त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. कलम 55 प्रमाणे अधिकार असलेला कर्मचारी परवानगीचा दाखला देऊ शकतो. तो दाखला जवळ असला, तर भाडं भरावं लागतं, जादा आकार नाही. निदान प्लॅटफॉर्म तिकीट तरी जवळ ठेवा. त्याने दंड टळत नाही, पण कुठून चढलात हे दाखवता येतं. नाहीतर गाडी जिथून सुटली किंवा शेवटची तपासणी जिथे झाली, तिथपासूनचं भाडं लागू शकतं.

आणि पैसे दिलेत, की पावती घ्या. कुठून, कुठे, कोणता वर्ग आणि किती रक्कम, हे टीसी समोर असतानाच वाचा.