‘काही खातच नाहीत हो!’

मंडळी, ओपीडीत कॅन्सरच्या रुग्णाबरोबर आलेली बायको किंवा मुलगी बरेचदा दुखण्याच्या आधी एकच तक्रार सांगते. “डॉक्टर, हे काही खातच नाहीत हो. तुम्हीच जरा रागवा.” आणि समोर बसलेला गृहस्थ गृहपाठ न केलेल्या पोरासारखा मान खाली घालतो. आज मी त्या गृहस्थांची वकिली करायला उभा आहे.

उपाशी माणसाचं शरीर चरबी जाळतं आणि स्नायू जमेल तेवढे राखतं. कॅन्सरमध्ये गणित बिघडतं. गाठ आणि तिच्याशी झुंजणारी आपलीच प्रतिकारशक्ती मिळून रक्तात अशी काही रसायनं सोडतात की भूक मरते आणि त्याच वेळी स्नायूही झिजतात. नुसतं खाऊ घालून ही झीज पुरती भरून निघत नाही. याला कॅकेक्सिया म्हणतात. २०११ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याची मोजपट्टी ठरवली: सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटणं; माणूस मुळातच किडकिडीत असेल तर २ टक्क्यांपुढेही सावध व्हायचं. साठ किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे तीन किलो. आपल्याकडे तीन किलो कोण मनावर घेतं? “बरं झालं, पोट उतरलं,” असं म्हणून मोकळे होतात!

दवाखान्यात वजन घेतात, नाही असं नाही. केमोचा डोस उंची-वजनावरूनच काढतात. पण आजचा आकडा मागच्या आकड्याशी ताडून बघणं हे कुणा एकाचं काम नसतं, म्हणून ते राहून जातं. त्यातून पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा फसवतो. माझं मत विचाराल तर हे काम नर्सकडे द्यावं, आणि आकडा घसरला की थेट आहारतज्ज्ञाकडे पाठवायची मुभाही तिला द्यावी.

आता तोंडाच्या कॅन्सरचे एक काका डोळ्यांसमोर आणा. तंबाखूच्या कृपेने आपल्याकडे असे काका घरोघरी आहेत. रेडिएशनने तोंड सोललंय, लाळ आटलीय, जबडा जेमतेम दोन बोटं उघडतो. वरण मातीसारखं लागतं. दुखण्यासाठी मॉर्फिन चालू आहे, पण सोबत पोट साफ होण्याचं औषध कुणी लिहून दिलेलं नाही, त्यामुळे चार दिवस पोट गच्च. वजन उतरल्यावर गाल बसले, हिरड्या आक्रसल्या आणि कवळी सैल होऊन टोचायला लागली. काका यातलं काहीच सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, “भूक नाही.”

या दोन शब्दांमागे किती जणांचं काम दडलंय बघा. कवळी दंतवैद्याची. जबड्याचे आणि गिळण्याचे व्यायाम थेरपिस्टचे. वेदना आणि बद्धकोष्ठ माझ्यासारख्या पॅलिएटिव्हवाल्याचे, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणाऱ्या डॉक्टराचे. आणि रात्री झोप उडवणारी ‘उपचारांना जमीन विकावी लागेल का’ ही काळजी समाजसेवकाची. हे सगळे एकमेकांशी बोलले नाहीत, तर काकांच्या हातात सहा चिठ्ठ्या पडतात आणि घास एकही जात नाही.

आहारतज्ज्ञाबद्दल थोडं जास्त बोलतो. आजारी माणूस म्हटलं की आपण तांदळाची पेज, नारळपाणी आणि मोसंबीचा रस पुढे करतो. पोट भरतं, प्रथिनं जवळपास शून्य. या रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. मग त्याच पेजेत मुगाची डाळ शिजवा, दूध पावडर घाला, शेंगदाण्याचं बारीक कूट आणि वरून तूप सोडा. चालत असेल तर अंडं फेटून घाला. ताटभर वाढू नका, दर दोन तासांनी वाटीभर द्या. आणि व्हॉट्सॲपवरचं ‘दूध बंद, साखर बंद’ कृपा करून तिथेच ठेवा. साखर तोडली म्हणून शरण आलेली गाठ मी अजून पाहिलेली नाही.

जोडीला हालचाल हवी. खुर्चीतून दहा वेळा उठबस केली तरी सुरुवात झाली. आहार, व्यायाम, आयबुप्रोफेन आणि माशाच्या तेलातलं ओमेगा-३ असं सगळं एकत्र देऊन पाहणाऱ्या ‘मेनॅक’ या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये मांडले गेले. वजन टिकलं, स्नायूंमध्ये मात्र फरक दिसला नाही. म्हणजे चमत्कार नाही, पण वजन टिकणं ही छोटी गोष्ट नव्हे.

भूक वाढवणाऱ्या औषधांपैकी एकाचं नाव घेतो, कारण ते काम आपल्या देशातलं आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी वैद्यकीय संस्थेत केमो सुरू होणाऱ्या १२४ रुग्णांवर ओलांझापिनची चाचणी झाली, रोज फक्त २.५ मिलिग्रॅम, १२ आठवडे. २०२३ साली ती प्रसिद्ध झाली. ५ टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले रुग्ण गोळी घेणाऱ्यांत ६० टक्के होते, न घेणाऱ्यांत ९ टक्के. पण ही मूळची मानसिक आजारांवरची गोळी. केमिस्ट म्हणतो, “ही तर डोक्याची गोळी आहे,” आणि घरचे ती गुपचूप बंद करतात. म्हणून चिठ्ठी लिहितानाच घरच्यांना समोर बसवून सांगावं लागतं. आपल्या मनाने कुणी सुरू करू नये, हेही आलंच.

शेवटी ‘दोन बाटल्या चढवा ना डॉक्टर’ याबद्दल. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. एका चपातीएवढी! आजार अगदी शेवटच्या टप्प्यात असेल तर तेच पाणी फुप्फुसात आणि पायात साठून दम लागू शकतो. त्या टप्प्यावर नळीने अन्न घातल्यानेही ताकद परत येत नाही. तेव्हा आयुष्य न खाण्यामुळे नव्हे, आजारामुळे संपत असतं, हे बायकोला आणि मुलीला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. एरवी घासासाठी चाललेली ती रोजची भांडणं थांबत नाहीत.

आता प्रश्न घेऊ.