होय की नाही: कोस्टा रिकाचा ७ ऑक्टोबर

(दृश्य: सान होसे शहर. जुनी लष्करी बराक, भिंतीवर गोळ्यांच्या खुणा.)

या खुणा १९४८ सालच्या यादवी युद्धातल्या. ते युद्ध जिंकलेल्या होसे फिगेरेस यांनी त्याच वर्षी १ डिसेंबरला इथल्या भिंतीवर हातोड्याचा घाव घातला आणि जाहीर केलं, की यापुढे या देशाला सैन्य नसेल. आता इथं राष्ट्रीय संग्रहालय आहे. शाळेतली मुलं रांगेनं येतात, भिंतीला हात लावून बघतात. आमची भांडणं आम्ही मतपेटीत मिटवतो, हा कोस्टा रिकाच्या माणसाचा अभिमान इथून सुरू होतो.

२००७ साली तो अभिमान पणाला लागला. निमित्त झालं एका व्यापार कराराचं.

एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला कोस्टा रिका धरून मध्य अमेरिकेतले पाच देश आणि डॉमिनिकन रिपब्लिक. २००४ मध्ये सह्या झाल्या. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात करार पार पडला तो २१७ विरुद्ध २१५ मतांनी, म्हणजे तिथंही जीव मुठीत धरूनच. मग बाकीच्या देशांनी एकेक करून मान्यता दिली. कोस्टा रिका तेवढा अडून बसला.

(दृश्य: डोंगरातलं गाव, विजेचे खांब, टेलिफोनच्या तारा.)

का अडला, ते या तारांकडे बघितल्यावर कळतं. तेव्हा वीज आणि टेलिफोन दोन्ही एकाच सरकारी संस्थेकडे होते. लोक तिला 'ईसे' म्हणतात. आपलं वीज मंडळ आणि टेलिफोन खातं एका छताखाली आणावं, तशी ही संस्था. १९४९ मध्ये ती उभी राहिली तेव्हा विजेचा धंदा परदेशी कंपनीच्या हातात होता. डोंगरातल्या वाडीवर दिवा पोचला तो ईसेमुळे, आणि हे तिथला म्हातारा माणूस विसरत नाही. २००० साली ईसेचं क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं करणारा कायदा आला, तेव्हा लोकांनी रस्ते अडवले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. आता तीच गोष्ट कराराच्या दारानं आत येत होती. मोबाइल, इंटरनेट आणि विमा, जो १९२४ पासून सरकारी मक्तेदारीत होता, हे सगळं खुलं करायचं होतं. भातशेतीवाल्यांना अमेरिकेतल्या स्वस्त तांदळाची धास्ती होती. औषधांच्या पेटंटचे नियम कडक झाले, तर सरकारी दवाखान्यांचा खर्च किती वाढेल, हीसुद्धा चिंता होती.

होय म्हणणाऱ्यांची बाजूही पोकळ नव्हती. देशाच्या मालाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक अमेरिकाच. इंटेलचा कारखाना नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आला होता, त्यावर हजारो घरं चालत होती. शेजारी आत गेले आणि आपण बाहेर राहिलो, तर कारखाने तिकडे जातील, हा हिशेब खोटा म्हणता येणार नाही.

आणि होयच्या बाजूनं उभे होते राष्ट्राध्यक्ष ऑस्कर आरियास. मध्य अमेरिकेतली युद्धं थांबवण्याच्या आराखड्यासाठी १९८७ चं शांततेचं नोबेल मिळवलेला माणूस. २००६ मध्ये ते दुसऱ्यांदा निवडून आले, पण कराराला विरोध करणाऱ्या ओत्तोन सोलीस यांच्यावर त्यांची आघाडी होती जेमतेम १८ हजार मतांची. देश तेव्हाच उभा चिरला होता. आरियास यांना दिलेलं मत म्हणजे कराराला दिलेलं मत का? राष्ट्राध्यक्षांच्या लेखी, हो. विरोधकांच्या लेखी, मुळीच नाही.

२००७ च्या एप्रिलमध्ये निवडणूक न्यायाधिकरणानं सार्वमताचा मार्ग मोकळा केला. देशाच्या इतिहासातलं हे पहिलंच सार्वमत. आपल्याला याचं नवल वाटेल. परदेशाशी करार करणं भारतात केंद्र सरकारच्या हातात असतं, व्यापार करारावर संसदेत मतदान घ्यावंच लागतं असंही नाही, मग गावोगावच्या माणसाला विचारणं दूरच.

प्रचार तापला. एका कारखान्यात आरियास कामगारांना म्हणाले, की आज सायकलवर येणारे उद्या बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलवर येतील आणि ह्युंदाईतून येणारे मर्सिडीजमधून. विरोधकांनी ते वाक्य पुढं कित्येक वर्षं सोडलं नाही.

(दृश्य: वर्तमानपत्राचा छापखाना.)

६ सप्टेंबरला कोस्टा रिका विद्यापीठाच्या साप्ताहिकानं एक टिपण छापलं. लिहिणारे होते दुसरे उपराष्ट्राध्यक्ष केव्हिन कासास आणि आमदार फर्नांदो सांचेस. लिहिलं होतं राष्ट्राध्यक्षांना. नोकऱ्या जातील अशी भीती लोकांच्या मनात पेरा. नाही म्हणणाऱ्यांचं नाव क्युबाचे कास्त्रो, व्हेनेझुएलाचे चावेस आणि निकाराग्वाचे ओर्तेगा या डाव्या नेत्यांशी जोडा. आणि महापौरांना बजावा, की तुमच्या भागात होय जिंकलं नाही, तर पुढची तीन वर्षं सरकारकडून दमडी मिळणार नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. कराराच्या बाजूनं बोलायला मुद्दे होते, नोबेलचा मान होता, सगळी सत्ता हाताशी होती. तरीही सल्ला दिला गेला तो आपल्याच लोकांना घाबरवण्याचा. कासास यांनी राजीनामा दिला. ३० सप्टेंबरला राजधानीत नाहीवाल्यांचा प्रचंड मोर्चा निघाला. मतदानाच्या तोंडावर, प्रचार थांबलेला असताना, व्हाइट हाऊसनं सांगून टाकलं, की नाही जिंकलं तरी कराराची बोलणी पुन्हा होणार नाहीत.

७ ऑक्टोबर, रविवार. सुमारे साठ टक्के मतदान झालं. होय: ५१.६ टक्के. नाही: ४८.४. फरक ५० हजारांच्या आतला. ना गोळी चालली, ना बराक उघडली.

करार १ जानेवारी २००९ पासून लागू झाला. २०११ मध्ये परदेशी मोबाइल कंपन्या आल्या. ईसे बुडाली नाही, 'कोल्बी' नावानं मोबाइल विकू लागली.

६ एप्रिल २०१४ ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ओत्तोन सोलीस यांच्या पक्षानं जिंकली, ज्यानं कराराविरुद्ध रान उठवलं होतं. दोनच दिवसांनी इंटेलनं आपलं तिथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे पंधराशे नोकऱ्या गेल्या.

नव्या सरकारनं करार मात्र मोडला नाही.