उघडलेलं पातं धरतं कोण?

[दृश्य: अंबड तालुक्यातली मोसंबीची रोपवाटिका. सकाळ. रोपांच्या ओळीत उकिडवे बसलेले मामा, हातात घडीचा चाकू.]

मोसंबीचा डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं, तर खुंटाच्या, म्हणजे खालच्या रोपाच्या, सालीवर एक आडवा छेद घ्यायचा, त्याखाली एक उभा. चाकूच्या मागच्या चपट्या पट्टीनं साल दोन्ही बाजूंनी हळूच उचलायची. चांगल्या झाडाच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढायचा, सालीच्या आत सरकवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. की पुढचं रोप. पातं जरा बोथट असलं तर साल चिरत नाही, फाटते. आणि फाटक्या सालीत डोळा धरत नाही.

माझे मामा हे काम तीस वर्षांहून जास्त काळ करत आलेत. काही वर्षांपूर्वी माझा घडीच्या चाकूंचा संग्रह मी मोठ्या हौसेनं त्यांना दाखवायला नेला. सतरा चाकू होते. मामांनी एकेक हातात घेतला, उघडला, मिटला, बाजूला ठेवला. शेवटी म्हणाले, "लेकरा, पातं उघडल्यावर त्याला धरतंय कोण, ते सांग."

उघडलेलं पातं परत मिटू नये म्हणून त्याला काय रोखतं, हे मला सांगता आलं नाही. घरी येऊन सगळे चाकू सतरंजीवर मांडले आणि एकेकाच्या पोटात डोकावून पाहिलं. सतरापैकी बारा एकाच रचनेचे निघाले, फक्त मुठीचे रंग वेगळे. ते मी वाटून टाकले. तेव्हापासून चाकू घेताना मी मामांचाच प्रश्न विचारतो. आज माझ्या डब्यात पाच चाकू आहेत. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

[दृश्य: चामड्याच्या पट्ट्यावर वर-खाली फिरणारा जुना वस्तरा.]

पहिलं उत्तर: कोणीच धरत नाही. असा घडीचा चाकू आपण लहानपणापासून पाहिलेला आहे, तो म्हणजे दाढीचा जुना वस्तरा. पातं आणि मूठ एका खिळ्यावर फिरतात. पात्याची शेपटी मागे बाहेर निघालेली असते, ती बोटानं आवळून धरायची. जपानचा हिगोनोकामी याच जातीचा. ह्योगो प्रांतातल्या मिकी इथं तो १८९० च्या दशकापासून बनतो. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं, एक खिळा, आणि अंगठ्याखाली येणारी शेपटी. तिथल्या कितीतरी पिढ्यांच्या शाळकरी मुलांनी यानं पेन्सिली तासल्या. नव्यानं संग्रह करणाऱ्याला मी आधी हाच घ्यायला सांगतो. यात काही झाकलेलं नाही, त्यामुळे घडीचा चाकू म्हणजे काय हे डोळ्यांनी समजतं.

दुसरं उत्तर, कमान. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी ताणून बसवलेली असते आणि ती पात्याच्या बुडावर दाबून राहते. स्वित्झर्लंडचा लाल चाकू हा याचा सगळ्यांत ओळखीचा नमुना. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली इबाख इथं कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. त्या चाकूत पातं, भोक पाडायची आरी, डबा उघडायचं हत्यार आणि बंदूक खोलायला स्क्रू-ड्रायव्हर, एवढंच होतं. मग १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू आला. त्यात त्यांनी एकाच कमानीकडून दोन्ही बाजूंची हत्यारं धरून घेतली. आज या लाल चाकूत काय काय मावतं याचं आपल्याला अप्रूप वाटतं, पण ते सगळं या एका युक्तीवर उभं आहे.

कमानीचा चाकू घेताना कानानं पारखावा. पातं उघडताना आणि मिटताना 'खट्ट' असा कोरडा, ठाम आवाज यायला हवा. आवाज मऊ आला तर कमान ढिली समजावी. मग चाकू उजेडाकडे धरून बघावं. पातं आणि कमान जिथं भिडतात तिथून उजेड दिसत असेल तर तो परत द्यावा.

[दृश्य: ठिबकची काळी नळी. निवेदकाची उजवी तर्जनी, तिच्यावरचा पांढरा वण.]

कमान पातं दाबून ठेवते, त्याला कुलूप लावत नाही. हे मी बोट देऊन शिकलो. ठिबकच्या नळीला भोक पाडायला पात्याचं टोक टोचलं आणि पातं उलटं मिटलं. चार टाके पडले. त्याच चाकूत आरी होती आणि ती याच कामासाठी दिलेली होती.

तिसऱ्या चाकूवर माझा सगळ्यांत जास्त जीव आहे. फ्रान्सच्या साव्हुआ या डोंगराळ मुलखात जोसेफ ओपिनेल या तरुणानं १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी हा साधा चाकू घडवला. बीच लाकडाची गोल मूठ, पातळ पातं. पुढे १९५५ मध्ये त्याच्या गळ्यात पोलादाचं फिरतं कडं आलं. पातं उघडायचं, कडं फिरवायचं, पातं जागच्या जागी घट्ट. हा लहानमोठ्या आकारांत मिळतो. घ्यायचा तर आठ नंबर घ्या, त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं असतं. कांदा, भाकरीसोबतची काकडी, सुतळी, सगळ्याला पुरतो.

आपल्याकडे जून-जुलैत हवा ओली झाली की याची मूठ फुगते आणि पातं आत अडकून बसतं. माझा पहिला ओपिनेल असा अडकला तेव्हा मी पकड लावून ओढला आणि पात्याला ओरखडे पाडले. साव्हुआतले लोक मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, त्या हादऱ्यानं पातं थोडं वर येतं. ते मला फार उशिरा कळलं.

यात साध्या कार्बन पोलादाचं पातंही मिळतं. मी मुद्दाम तेच घेतो. मोसंबी कापली की त्यावर निळसर-काळी झाक चढते, ती राहू द्यावी. ओलं मात्र ठेवू नये, एका रात्रीत तांबेरा धरतो. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते पाण्याला दाद देत नाही. पण कार्बनचं पातं घरच्या दगडावर पाजवायला सोपं, आणि त्याची धार बोटाला कळते.

तेलाचंही सांगतो. आपल्या घरात करडईचं तेल असतं, हाताशी तेच येतं. खिळ्यात ते घालू नका. करडईचं तेल हवेनं वाळतं आणि गोंदासारखं चिकट होतं. शिलाई मशीनचं एक थेंब तेल पुरे.

[दृश्य: आठवडी बाजार. भात्याशेजारी लोहार जुनी कानस तापवतोय.]

लोहार जुन्या कानशीतून सुरी घडवतो, ती का टिकते? कानशीचं पोलाद मुळात कडक. चौथ्या चाकूची गोष्ट इथूनच सुरू होते. अमेरिकेत कॅन्सस इथं होइट बक हा लोहाराच्या हाताखालचा पोरगा. धार जास्त दिवस टिकावी म्हणून पोलादाला पाणी कसं द्यावं, म्हणजे तापवून-निववून ते कडक कसं करावं, याच्या मागे तो लागला आणि १९०२ मध्ये झिजलेल्या कानशीतून त्यानं पहिला चाकू केला. त्याच घराण्याच्या कंपनीनं १९६४ मध्ये ११० नंबरचा चाकू आणला. यात मुठीच्या पाठीतला दांडा पात्याच्या खाचेत जाऊन बसतो. मागे अंगठ्यानं दाबल्याशिवाय पातं हलत नाही. पितळेच्या टोप्यांमुळे तो जड आहे, जवळपास दोनशे ग्रॅम. खिशात तो लोंबतो. हातात घेतल्यावर मात्र भरवसा वाटतो.

पाचवा लायनर लॉकचा. मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडामागे उभी राहते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिरानं याला आजचं रूप दिलं. हा एका हातानं उघडतो आणि मिटतो. मिटताना अंगठा पात्याच्या वाटेतच येतो, तेवढं सांभाळावं.

नवे लोक मला नेहमी विचारतात, लाटांच्या नक्षीचा दमास्कस चाकू घेऊ का? स्वस्तातल्या पात्यांवर ही नक्षी बऱ्याचदा नुसती वरवर उमटवलेली असते. पात्याच्या पाठीवर बघावं. थर खरे असतील तर रेषा तिथंही चालत जातात. खरं तर दमास्कस म्हणून नावाजलेलं मूळ पोलाद आपल्या शेजारचं. नांदेडच्या पलीकडे, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला ते मुशीत वितळवून करत आणि इराणी व्यापारी ते न्यायला तिथवर येत. १९४८ पर्यंत ते गाव आणि आपला मराठवाडा एकाच निजामी राज्यात होते. आजची थरांची पाती दिसायला सुंदर असतात, पण ती दोन पोलादं जोडून, दुमडून केलेली. मुशीतल्या पोलादाची जात वेगळी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकामाच्या आणि शेतीच्या अवजारांना त्यात सूट आहे. माझ्या डब्यातलं एकही पातं चार इंचांपुढे जात नाही. तरीही यात्रेत, मोर्चात, जमावबंदी असताना चाकू खिशात नको. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही.

[दृश्य: उघडा पत्र्याचा डबा. पाच चाकू, सहावी जागा रिकामी.]

डब्यातली ही जागा मी मामांच्या चाकूसाठी ठेवली आहे. त्याचं पातं एकाच बाजूनं घासलेलं आहे, दुसरी बाजू सपाट, म्हणून डोळ्याचा काप सरळ येतो. पाजवून पाजवून ते मूळच्या निम्म्यानं उरलंय. मुठीवर त्यांच्या बोटांच्या खळग्या पडल्यात. मी दोनदा मागितला. नवा आणून देतो म्हणालो.

[दृश्य: मामा पट्टी गुंडाळतात. पातं धोतराच्या सोग्याला पुसतात, मिटतात. खट्ट.]

मामा म्हणाले, "आज अजून चारशे रोपं व्हायचीत." आणि पुढच्या रोपाकडे सरकले.