गेमिंग पीसी जोडताय? आधी पॉवर सप्लायचं स्टिकर वाचा!

[टेबलावर दोन पॉवर सप्लाय, एक जुना, एक नवा]

नमस्कार मंडळी. खरं तर या आठवड्यात वेगळाच व्हिडिओ ठरला होता. पण मागच्या व्हिडिओखाली तुम्ही इतक्या याद्या टाकल्यात, "दादा, ही माझी पहिली बिल्ड, बजेट कमी आहे, काही चुकतंय का?" की म्हटलं आता बोलायलाच हवं. याद्या मी वाचल्या. प्रोसेसर व्यवस्थित मॉडेल नंबरसकट. ग्राफिक्स कार्ड कुठल्या कंपनीचं, दोन पंख्यांचं की तीन, तेही लिहिलंय. एकाने तर कॅबिनेटच्या पंख्यांचा रंग लिहिलाय. आणि सगळ्यात शेवटी, जवळजवळ प्रत्येक यादीत, एकच ओळ: "पीएसयू – 500 वॉट."

पीएसयू म्हणजे पॉवर सप्लाय, भिंतीतली वीज पीसीच्या बाकी भागांना पुरवतो तो. पण कुठला 500 वॉट? कंपनी नाही, मॉडेल नाही. उरलेल्या पैशात जो बसेल तो.

त्यावर येतोच. बाकीचं पटापट उरकतो, कारण ते तुम्हाला माहीतच आहे. गेमिंगच्या बजेटमधला सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा. प्रोसेसर 6 कोरचा पुरे. रायझन 5 5600 अजूनही कामाचा आहे, एएम4 सॉकेटचे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड आणि डीडीआर4 रॅम असं सगळं जुळतं. पुढे प्रोसेसर बदलायचा बेत असेल तर एएम5 घ्या. पण एएम5 म्हणजे डीडीआर5च, जुनी रॅम त्यात बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही. 5600 मध्येही नाही. म्हणजे "कार्ड पुढच्या महिन्यात घेतो, तोवर असाच चालवतो" हे जमणार नाही. रॅम 16 जीबी, एक स्टिक नाही, आठ-आठच्या दोन. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर 3200ची रॅम 2133 किंवा 2400वर रांगत बसेल. एसएसडी एनव्हीएमई (वेगवान प्रकारचा) घ्या, पण सेकंदाला 7000 एमबीच्या वेगासाठी कार्डाचे पैसे कापू नका. गेम लोड व्हायला दोन-चार सेकंदांचा फरक पडतो, फ्रेम वाढत नाहीत. कॅबिनेट पुढून जाळीचं. झालं.

आणि हो, ते बॉटलनेक, म्हणजे एका भागामुळे दुसरा अडून राहणं. "दादा, वेबसाइटवर माझं 14 टक्के बॉटलनेक दाखवतंय, खूप टेन्शन आलंय." अरे बाबा, तो काय ताप आहे का, मोजायला? कुठला गेम, कुठलं रिझोल्यूशन, काही न विचारता ती साइट टक्केवारी सांगते कशी? 1080पी म्हणजे साधारण 20 लाख 73 हजार पिक्सेल. 4के म्हणजे बरोबर त्याच्या चौपट. पिक्सेल वाढले की कार्डाचं काम वाढतं. प्रोसेसरला मात्र एका फ्रेममागे जवळपास तेवढंच काम असतं. म्हणजे तोच पीसी एका स्क्रीनवर प्रोसेसरमुळे अडेल आणि दुसऱ्या स्क्रीनवर कार्डामुळे. काहीतरी अडणारच, नाहीतर फ्रेम अनंत नसत्या का आल्या? म्हणून आधी मॉनिटर ठरवा, मग कार्ड, मग प्रोसेसर. ती साइट बंद करा.

आता हा बघा.

[जुना पॉवर सप्लाय कॅमेऱ्याजवळ]

हा माझ्या पहिल्या पीसीतला. कंपनीचं नाव मी टेप लावून झाकलंय, भांडण कंपनीशी नाही. डब्यावर भला मोठा 500 लिहिला होता. मी काय केलं होतं? तुमच्यासारखीच यादी. सगळं घेऊन झालं आणि शेवटी हातात जे उरलं त्यात हा.

पीसी चालू झाला. विंडोज टाकून झालं, ब्राउझर चालला, गेमचा मेनू उघडला, सगळं छान. आणि गेममध्ये पहिला मोठा स्फोट झाला की स्क्रीन काळी, पीसी आपोआप रीस्टार्ट. दर वेळी तसंच. शांत जागेत हिंडलं तर तासभर काही नाही, मारामारी सुरू झाली की गेला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एकच नोंद सारखी: कर्नल-पॉवर 41. त्यात 'पॉवर' हा शब्द आहे, तरी माझी ट्यूब पेटली नाही. कारण ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. कशामुळे ते सांगत नाही. मी तीनदा विंडोज टाकलं. रॅमच्या जागा बदलल्या. ड्रायव्हर मागेपुढे केले. कार्ड सदोष आहे म्हणून परत करायलाही निघालो होतो. मग एका मित्राने त्याच्या पीसीतला पॉवर सप्लाय काढून माझ्यात जोडला. तोही 500 वॉटचाच! आणि त्या दिवसानंतर एकदाही बंद पडला नाही.

500 आणि 500. मग फरक कुठे होता?

[स्टिकरवर बोट]

इथे. या तक्त्यात. प्रत्येक पॉवर सप्लायच्या अंगावर हा असतो आणि कोणी वाचत नाही. वर व्होल्ट लिहिलेत: 3.3, 5, 12. खाली अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, शाळेतलंच आहे. आता मला सांगा, गेमिंग पीसीत वीज खातं कोण? प्रोसेसर आणि कार्ड. दोघेही जवळपास सगळी वीज घेतात 12 व्होल्टवरून. पुढे बोर्डावर, कार्डावर तिचं एका व्होल्टच्या आसपास रूपांतर होतं, पण पॉवर सप्लायकडून येते ती 12वरच. पूर्वी असं नव्हतं. जुन्या मशीनमध्ये 5 आणि 3.3वर बराच भार असायचा. 2000 साली एटीएक्स12व्ही हे मानक आलं, प्रोसेसरसाठी 12 व्होल्टची वेगळी 4 पिनची वायर आली, आणि तेव्हापासून भार 12कडे सरकत गेला.

काही स्वस्त पॉवर सप्लाय मात्र मनाने अजून त्याच काळात आहेत. या माझ्या शहाण्याचं बघा. 3.3 व्होल्टवर 22 अँपिअर, म्हणजे 72 वॉट. 5 व्होल्टवर 20 अँपिअर, 100 वॉट. हे 172 वॉट गेमिंगच्या कामाचे नाहीतच. पुढे 12 व्होल्टचे दोन रकाने आहेत, एकात 14, दुसऱ्यात 15 अँपिअर. मी तेव्हा हे वाचलं असतं तरी काय केलं असतं? बेरीज. 29 गुणिले 12, 348 वॉट, पुरे की! पण खाली ही बारीक ओळ बघा, फोकस होतोय का? "12व्ही1 आणि 12व्ही2 मिळून कमाल 290 वॉट." दोन्ही रेल, म्हणजे हे 12 व्होल्टचे दोन रकाने, एकदम पूर्ण भाराने चालवायच्याच नाहीत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! डब्यावर 500, हातात 290.

आता हा नवा, 550चा. 12 व्होल्टवर 45 अँपिअर. 540 वॉट. 550 मधले 540 कामाच्या जागी. एवढाच फरक आहे, पण एवढा आहे.

काही जण म्हणतील, "दादा, माझं कार्ड 132 वॉटचं, प्रोसेसर 65चा, 290 मध्ये आरामात बसतंय की." आरएक्स 6600 आणि 5600, बरोबर? चांगली जोडी आहे. पण 65 हा टीडीपी, म्हणजे कंपनीने उष्णतेच्या हिशोबाने दिलेला आकडा आहे, 5600 भाराखाली 76 वॉटपर्यंत घेतो. बोर्ड, पंखे, ड्राइव्ह धरून 260च्या आसपास धरा. कागदावर बसतं. पण ही सरासरी झाली. कार्ड एका क्षणी, सेकंदाच्या हजाराव्या भागात, सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतं. डोळ्यांना दिसत नाही, पॉवर सप्लायला कळतं. माझा पीसी स्फोटालाच का बंद पडायचा? एकदम सगळं पडद्यावर आलं, कार्डाने उसळी मारली, याची छाती फुटली. ही उसळी इतकी खरी आहे की 2022च्या एटीएक्स 3.0 मध्ये, नव्या कनेक्टरच्या मोठ्या सप्लायनी क्षणभर रेटिंगच्या दुप्पट भार सोसला पाहिजे असं लिहावं लागलं. त्यामुळे या जोडीला मी चांगला 500 किंवा 550 सांगतो. 850 नको. ते पैसे कार्डात घाला.

सगळी सोंगं आणता येतात, वॉटचं आणता येत नाही.

मग पुढचा प्रश्न ठरलेला: "ब्रॉन्झ लिहिलंय ना, मग झालं." नाही झालं! 80 प्लस ब्रॉन्झ, गोल्ड म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पीसीला पोचते आणि किती उष्णता होऊन जाते. 115 व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भाराला ब्रॉन्झचे 85 टक्के, गोल्डचे 90. 300 वॉट लागत असतील तर ब्रॉन्झ 353 ओढेल, गोल्ड 333. वीस वॉट. चांगलंच आहे, पण शॉर्ट झाला तर पॉवर सप्लाय वेळेत बंद पडेल की कार्डाला सोबत घेऊन जाईल, हे त्या बिल्ल्यावर लिहिलेलं नसतं. ते मॉडेलची उघडून केलेली चाचणी वाचूनच कळतं. म्हणून तर मॉडेल विचारतो मी!

आणि मागची बाजू.

[जुना उलटा करतो]

हा लाल स्विच, 115 आणि 230चा. असा स्विच दिसला की बहुतेक वेळा आतलं डिझाइन जुनं असतं. नव्या, बऱ्या मॉडेलना तो लागत नाही, ती व्होल्टेज स्वतः ओळखतात. डबा न उघडता कळणारी याहून सोपी खूण नाही.

कार्डाच्या वायरीही मोजा. बोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात, 6 पिनमधून 75, 8 पिनमधून 150. कार्डाला 8 पिन हवी आणि पॉवर सप्लायला ती नाहीच, म्हणून चार पिनच्या मोलेक्सला (जुन्या ड्राइव्हच्या वायरीला) अडॅप्टर लावून जोडली, असा फोटो एकाने पाठवलाय. भाऊ, आत्ता बंद कर. व्हिडिओ नंतर बघ.

एक कमेंट वाचून मात्र पोटात गोळा आला. एकाने मॉड्युलर (ज्याच्या वायरी सुट्या काढता येतात असा) पॉवर सप्लाय बदलला आणि वायरी जुन्याच ठेवल्या, "फिट बसल्या म्हणून". पॉवर सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही. 5 व्होल्टच्या जागी 12 गेले, हार्ड डिस्क गेली. फोटोंसकट. पॉवर सप्लाय बदललात तर डब्यातल्याच वायरी लावा, कंटाळा आला तरी.

"पीसी जोडला, पण फ्रेम 12च येतात" वाल्यांनो, तुमची मॉनिटरची एचडीएमआय वायर बोर्डात आहे. काढा आणि कार्डात लावा. हे आठवड्यातून तिघांना तरी सांगतो.

आता खाली याद्या टाकाल तेव्हा शेवटच्या ओळीत वॉट नकोत. मॉडेल लिहा आणि 12 व्होल्टचे अँपिअर लिहा. दोन रकाने असतील तर खालची बारीक ओळही.

आणि कोणीतरी विचारलंय, "दादा, तो जुना पॉवर सप्लाय ऑफिसच्या पीसीला विकणार का?" नाही. उघडून आत काय आहे तेही दाखवणार नाही, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो. तो इथेच राहतो, दाराला टेकण म्हणून. तेही धड करत नाही, हलका आहे.