हे ९.८१ कुठून आणलंस?

(महाविद्यालयातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं, की सरांनी तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. खरं म्हणजे त्यातली निम्मी वर्षं मी जर्नलं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या, तपासण्यात घालवली. तेव्हा आज जर्नलाबद्दलच बोलतो.

एफवायला साधा दोलक असतो. दोरा, धातूचा गोळा, स्टॉपवॉच. वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून जीची, म्हणजे पृथ्वीच्या ओढीमुळे पडत्या वस्तूला मिळणाऱ्या प्रवेगाची, किंमत काढायची. दरवर्षी ढीगभर जर्नलांत उत्तर एकच: ९.८१. मी विचारायचो, "हे कुठून आणलंस?" "सर, रीडिंग घेतलंय." आणि मान खाली.

आता गंमत बघा. १९०१ साली मानक म्हणून जो आकडा ठरला तो ९.८०६६५. तो ४५ अंश अक्षांशाच्या आसपासचा, म्हणजे फ्रान्स-इटलीकडचा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे, त्यामुळे आपल्याकडे जी जरा कमी भरतो, ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान. पोरांनी कॉपी केली, तीही परगावची!

थांबा, हसू नका. ९.७८ लिहिणाऱ्यालाही मी पूर्ण मार्क देत नसे. एक मीटर लांबीचा दोलक घ्या. वीस आंदोलनांना इथे ४०.१७ सेकंद लागतील आणि जी ९.८१ असेल तिथे ४०.१२. फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा. आणि डोळ्यांनी गोळा पाहून अंगठ्यानं बटण दाबेपर्यंत तुमचा सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. म्हणजे वेळेत अर्धा टक्का चूक. सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून उत्तरात एक टक्का. तुम्ही फार तर म्हणू शकता: ९.८, अधिक-उणे ०.१. त्यापुढचा आकडा त्या स्टॉपवॉचनं तुम्हाला दिलेलाच नाही.

सगळं वर्ष मी हे अधिक-उणे घोकून घ्यायचो. मुलं वैतागायची. "सर, बाहेर याचा काय उपयोग?"

माझी आई नागपूरकडची. लग्न होऊन रत्नागिरीला आली, तेव्हा माहेरचा माठ घेऊन आली. नागपुरात मे महिन्यात त्यातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार व्हायचं. रत्नागिरीत तोच माठ, तीच आई, आणि पाणी कोमट म्हणावं असं. बरीच वर्षं तिचा ठाम समज होता, की प्रवासात माठ बिघडला. शेजारणीचं मत, कुंभारानं फसवलं.

माठ झिरपतो, झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाणी उष्णता घेऊन जातं, हे शाळेतच शिकवतात. कॉलेजात एकच प्रश्न वाढतो: किती? शंभर ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४० किलोज्यूल लागतात. ही उष्णता दहा लिटरच्या माठातून गेली, तर पाणी साडेपाच-सहा अंशांनी उतरेल. हा हिशोब पोस्टकार्डाच्या मागे मावतो. अर्थात बाहेरची उष्णता आत शिरतच असते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी.

आता हवा. नागपूरची मेमधली हवा ४४ अंशांची, पण कोरडी ठणठणीत. माठाभोवतीची वाफ ती गटागटा पिते. रत्नागिरीत पारा ३३ च्या आसपास, पण हवा आधीच ओलावलेली, तिला आणखी वाफ नको असते. म्हणून विदर्भात कूलर चालतो आणि कोकणात तोच कूलर लावला तर अंथरूण तेवढं दमट होतं. माठात काही खोट नव्हती. आईला हे समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "मग इतकी वर्षं त्या कुंभाराला उगाच नावं ठेवली की रे!"

तर तुमचं पहिलं प्रॅक्टिकल लॅबमध्ये नको, घरी करा. रात्री माठ भरा, तोला. सकाळी परत तोला. मधे कुणी पाणी प्यायचं नाही, आजोबांनीसुद्धा नाही. जे वजन घटेल त्यावरून हिशोब मांडा, मग थर्मामीटर घालून पाहा. दोन्ही उत्तरं जुळणार नाहीत. किती जुळत नाहीत, तेवढं लिहून आणा. आणि तोलायच्या आधी काट्याचा लीस्ट काउंट, म्हणजे तो दाखवू शकतो तो वजनाचा सर्वांत लहान फरक, बघा. तो शंभर ग्रॅमचा निघाला, तर आधी दुसरा काटा शोधावा लागेल.