हत्यार खोलताना

[दृश्य: मुंबईतलं एक पोलीस शस्त्रागार. जाळीची खिडकी, बाहेर पावसाची झड.]

जुलैतली मुंबई. इथे भिंतीला हात लावला तरी ओल लागते, मग पोलादाची काय कथा! या दिवसांत कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, तेलाची कुपी आणि चिंधी यांना उसंत नसते. रात्रपाळीचं हत्यार सकाळी जमा झालं की खोलून, पुसून मगच रॅकला लागतं.

आजकालचं बहुतेक पिस्तूल स्क्रूड्रायव्हर न लावता खोलता येतं. एक खिट्टी किंवा पिन सरकवली की स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग), बॅरल म्हणजे नळी आणि स्लाइडला पुढे रेटणारी रिकॉइल स्प्रिंग फ्रेमपासून, म्हणजे मुठीच्या सांगाड्यापासून, मोकळी होतात. प्रश्न असा, की जे इतक्या सहज सुटतं, ते गोळी झाडताना का सुटत नाही?

[दृश्य: टेबलावर सतरंजीचा तुकडा, त्यावर जुनं ९ मिमी पिस्तूल.]

हे इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं. घराणं ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलाचं. त्याचे रचनाकार जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये गेले तेव्हा हे काम अर्धवट होतं. बेल्जियमच्या द्यूदोने सैव्ह यांनी ते तडीस नेलं आणि १९३५ मध्ये मूळ हाय-पॉवर कारखान्याबाहेर पडलं.

आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारे, हवालदार आधी गोळ्यांचं मॅगझिन काढतात, मग स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली गोळीची जागा, बघतात. नुसतं बघत नाहीत, करंगळी घालून चाचपतात. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी चेंबर रिकामं केलं आणि मॅगझिन नंतर काढलं, तर मधल्या वेळात स्लाइडने पुढची गोळी चेंबरमध्ये सारलेली असते. हातात मॅगझिन, मनात "रिकामं आहे", आणि आत एक राउंड. पिस्तुलाच्या अपघातांमागची ही फार जुनी गफलत.

आता स्लाइड मागे ओढून सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ, तिच्या खाचेत अडकवली. उजवीकडून स्लाइडला फ्रेमशी धरणारी पिन दाबली, डावीकडून बाहेर काढली.

[दृश्य: सेफ्टीचं टोक आणि स्लाइडची खाच, अगदी जवळून.]

इथे जरा थांबू. पिन निघाली आहे, म्हणजे स्लाइडला पुढे जायला आता काहीच आडकाठी नाही. रिकॉइल स्प्रिंग दबलेली आहे. अशा पिस्तुलांत तिचा जोर सात-आठ किलोंच्या घरात असतो. तो सगळा पेलून धरलाय सेफ्टीच्या या नखाएवढ्या कडेने. सेफ्टीला स्वतःची बारीक स्प्रिंग असते, पण तिचं काम सेफ्टीला जागेवर ठेवण्यापुरतं. वजन उचलतं ते पोलाद. ही कड वर्षानुवर्षांच्या वापराने गोलसर झाली असेल, तर स्लाइड निसटून पुढे झेप घेते. म्हणून हवालदारांचा डावा हात स्लाइडवरून हलत नाही.

"उस्ताद, स्प्रिंग ढिली वाटतेय," एक नवा शिपाई म्हणतो.

"कुठली? मोठी की खिट्टीची?"

प्रश्न बरोबर आहे. दोन्हींचं दुखणं वेगळं.

[दृश्य: ग्लॉक पिस्तूल. बोटांच्या चिमटीत स्लाइड किंचित मागे.]

ग्लॉकमध्ये ट्रिगरच्या वर, फ्रेमच्या दोन्ही अंगांना दोन इवलेसे कान असतात. ही फ्रेममधल्या एका आडव्या पट्टीची टोकं; ती पट्टी म्हणजे इथली खिट्टी. तिच्याखाली चपट्या पात्याची स्प्रिंग, ती तिला वर ढकलत राहते. नुसते कान खाली ओढून पाहा, स्लाइड सुटत नाही. मोठी स्प्रिंग स्लाइडला पुढे रेटते, स्लाइड बॅरलला रेटते, बॅरलचा खालचा दात या पट्टीच्या ओठात जाऊन रुतून बसतो. स्लाइड साधारण तीन मिलिमीटर मागे घेतली की रुतलेला दात मोकळा होतो आणि मगच कान खाली येतात. मोठ्या स्प्रिंगने धाकटीची राखण करायची, असा हा संसार आहे. बेरेटा ९२ या पिस्तुलात एका बाजूची कळ दाबल्याशिवाय दुसऱ्या बाजूचा लिव्हर फिरतच नाही. आमच्या मते ही ग्लॉकहून सरस युक्ती, कारण दोन्ही हात गुंततात आणि चुकून काही व्हायला जागा उरत नाही.

ग्लॉकमध्ये धाकटी स्प्रिंग मोडली किंवा पट्टी उलटी बसली, तर ओठ दाताला पुरता धरत नाही. तपासणी सोपी: कान खाली दाबून सोडले की टुणकन वर यायला हवेत. रेंगाळले तर हत्यार रॅकला जाणार नाही.

ग्लॉकची खरी मेख मात्र स्प्रिंगमध्ये नाही. ते खोलण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो. चेंबरमध्ये गोळी राहिली असेल तर ती तिथेच सुटणार. म्हणून तोंड वाळूच्या पेटीकडे, आणि मघाची ती करंगळी इथे दुसऱ्यांदा.

[दृश्य: पिस्तूल जोडलेलं, नळी तिरकी वर.]

मोठ्या स्प्रिंगची परीक्षा अशी: रिकामं पिस्तूल ४५ अंशांत वर धरायचं, स्लाइड पूर्ण मागे ओढायची, ट्रिगर दाबून ठेवायचा आणि स्लाइड हळूहळू सोडत आणायची. शेवटचा टप्पा तिने आपल्या जोरावर गाठला पाहिजे. अडली, तर आधी मळ आणि तेल बघायचं; साफ करूनही अडली, तर स्प्रिंग बदलायची. नुसतं दबून राहिल्याने चांगली स्प्रिंग फारशी थकत नाही, थकते ती हजारो वेळा दबून-सुटून. आणि मुंबईत, गंजून.

नागदेवी स्ट्रीटवर हव्या त्या मापाची स्प्रिंग मिळते, पण पिस्तुलात ती घालायची नसते. तारेची जाडी आणि वेढे जुळले म्हणून जोर जुळेलच असं नाही. परवानाधारकानेही हत्यार दुरुस्तीला द्यायचं ते परवाना असलेल्या दुरुस्तीकाराकडेच. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. कोतमध्ये तर बदललेली जुनी स्प्रिंगसुद्धा रजिस्टरवर चढते: हत्यार क्रमांक, तारीख, सही.